माझ्या हातच्या बिड्या

समाजसेवेची मला काडीचीही हौस नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी उगीच कौतुक करायला नको.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला दोनच वाटा होत्या. एक तर परेड घ्यायची, नाही तर समाजसेवा. परेडला पहाटे मैदानावर हजर राहायचं आणि खाकी पँट घालायची. पँटचं नाव काढल्याबरोबर अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, थापत असलेली भाकरी परातीत तशीच सोडली. आमच्या घरात कन्नड चालायचं. बाहेर मराठी, घरात कन्नड, आणि रागावणं तर सगळं कन्नडातूनच. अप्पांचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी पँट घालून डावा-उजवा करत निघाली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" गिऱ्हाईक काय म्हणेल, या प्रश्नापुढं आमच्या घरात कुणाचंच काही चालायचं नाही. मग मी समाजसेवेत नाव घातलं.

समाजसेवेचे सर भाषण फार छान करायचे. भाषण संपल्यावर त्यांनी मला आणि माझ्या एका मैत्रिणीला पूर्व भागात धाडलं. तिकडं विणकरांची वस्ती. पुरुष माणसं मागावर नाही तर गिरणीत, बायका घरोघरी बिड्या वळणाऱ्या. तिथल्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, शाळा कायमची सुटलेल्या पोरांना आम्ही कॉलेज संपल्यावर लिहायला-वाचायला शिकवायचं. मैत्रीण दुसऱ्याच दिवशी तंबाखूच्या वासानं खोकत घरी गेली ती परत आली नाही. मी टिकले, कारण परत गेले असते तर पँट होती.

पोरं दहा-बारा होती. ती घरी तेलुगू बोलायची, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही. पहिल्या दिवशी मी फळ्यावर तारीख घालून मागं वळले, तर प्रत्येकाच्या मांडीवर सूप. सुपात वळलेल्या बिड्यांचा ढीग. आया वळून द्यायच्या आणि पोरं नखानं त्या बिड्यांची तोंडं दुमडून बंद करायची. माझ्याकडं बघत होती, पण बोटं आपली खाली चालूच. मी म्हटलं, "सूप बाहेर ठेवा." कुणी हललं नाही. मग मला राग आला. मला राग आला की मी तो आवरायला कन्नडमध्ये आकडे मोजते. "ओंदु, एरडु, मूरु..." पोरांना वाटलं हाच पहिला धडा. त्यांनी एका सुरात तेलुगूमधून सुरू केलं, "ओकटी, रेंडु, मूडु..." माझा राग दहापर्यंत पोचायच्या आत त्यांचे दहा झाले.

तरी मी हट्ट सोडला नाही. सूप घेऊन येईल त्याला वर्गात घेणार नाही, असं सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोण? एक शेंबडं पोर आणि एक कुत्रं. कुत्रं निदान लक्ष देऊन ऐकत होतं.

थोड्या वेळानं एक बाई आली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला. तिच्यामागं दहाएक वर्षांची मुलगी, कमरेवर धाकटा भाऊ. ही मुलगी वर्गाची पुढारीण. आदल्या दिवशी ओकटी-रेंडु तिनंच सुरू केलं होतं.

"बाई," ती आई म्हणाली, "तुमी सूप भायेर ठेवा म्हनला. मग तोंडं कोन बांधनार? देव बांधनार व्हय?"

ती भांडायला आली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "अक्का, उद्यापासून सूप घेऊन पाठवा." अक्का हा शब्द कन्नडात चालतो, तेलुगूतही चालतो. ती हसली. पुढारीण जाता जाता म्हणाली, "बघा की बाई, उगं येक दिस वाया घालवला." तिच्या आईनं तिला एक धपाटा घातला, पण जोर नव्हता त्यात.

तिथून खरा वर्ग सुरू झाला. बोटं सुपात, डोळे फळ्यावर. पाढे, बेरजा, कविता, सगळं तोंडी. त्यात पुढारीण सगळ्यांच्या पुढं. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली होती. धाकटा झाला आणि तिची शाळा सुटली. तिला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं की ती मान वाकडी करून म्हणायची, "काय बे, कान कुटं ठिवलास?" एकदा मीच सतरा-आठ-किती अडखळले तेव्हा मलाही 'काय बे' मिळालं. आम्ही दोघी सारख्याच तोंडाळ होतो, म्हणून आमचं जमलं असं मला वाटतं.

तिला बघून मला चैन पडेना. जवळच्या शाळेत गेले आणि हेडमास्तरांना गाठलं. भला माणूस होता. म्हणाला, "मार्चपर्यंत तयारी करून घ्या. एप्रिलात चौथीची परीक्षा देऊ दे, पास झाली तर जूनला पाचवीत घेतो. पण लेखी. तोंडी मी मानत नाही." इथंच घोडं अडलं. लिहायला हात मोकळा हवा आणि हात तर सुपात.

मग मीच म्हटलं, "आण ते सूप माझ्याकडं. तू लिही, मी तोंडं बांधते."

पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. पुढारीण हसली नाही. तिनं मला सूप दिलं, बिडी कशी धरायची दाखवलं, आणि माझी पहिली बिडी उचलून उजेडात धरली. पान टर्रकन फाटलं होतं.

"बाई, ती बिडी हाय. मान मुरगाळायची न्हाय तिची. हळूच टोपी घालायची."

पुढचे कित्येक दिवस हे असंच चाललं. मी तिला भागाकार शिकवायची आणि ती मला टोप्या घालायला. मी तिची वही तपासायची, ती माझं सूप. तिची तपासणी फार कडक. मी तिच्या चुकीच्या गणितावर फुली मारायची, तशी ती माझी बिघडलेली बिडी उचलून दुसरीकडं ठेवायची, आणि वर तोंडानं "च्च" करायची. हे च्च माझंच होतं. महिनाभरात तिनं माझ्याकडून नेमकं तेवढं उचललं होतं.

आता घरचं सांगते. तंबाखूचा वास साबणानं जात नाही हे मला माहीत नव्हतं. अव्वाला माहीत होतं. एके दिवशी जेवायला वाढताना तिनं माझा हात धरला, हुंगला आणि मला खिडकीपाशी नेऊन म्हणाली, "आ कर." मी आ केला. तिला वाटलं मी मिश्री लावायला लागले. दात पांढरे स्वच्छ. तिनं अप्पांना हाक मारली. अप्पांनीही बघितलं. मग ते फार गंभीर झाले.

"दात स्वच्छ आहेत," ते म्हणाले, "म्हणजे ओढते."

आता हसू येतं, पण तेव्हा मला रडूच फुटलं. रडत रडत मी सगळं सांगितलं. देऊळ, सूप, पुढारीण, टोप्या. वाटलं होतं, आता दोघांना हायसं वाटेल. कसलं काय. "ओढली असतीस तर घरातल्या घरात झाकता तरी आलं असतं," अव्वा म्हणाली, "गल्लीत चारचौघांत बसून वळतीस म्हणजे अख्ख्या सोलापूरला कळलं असणार." अप्पांना तर खोलवरच लागलं. सगळ्या पेठेत एकट्या त्यांच्या दुकानात तंबाखू, बिडी, मिश्री काही मिळत नसे. त्यांच्या वडिलांनी घातलेला नियम होता तो. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण तंबाखू दुकानात नको. हा त्यांचा एकच मोठा अभिमान होता आणि तोच मी मातीत घातला होता.

शेवटी तोडगा निघाला. शिकवायला जा, पण सुपाला हात लावायचा नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

एप्रिल आला. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अक्काकडं गेले. लेकीनं परीक्षेला बसायला ती तयार होती, पण पास झाल्यावर पाचवीत पाठवायचं का, यावर तिचं मन बसत नव्हतं. शाळा सकाळची. सकाळीच बिडीचा खरा हात चालायचा.

"येक दिसाचं ठीक हाय, बाई," ती म्हणाली. "रोज सकाळी तिचा हात कोन भरनार?"

"मी," मी म्हटलं. "माझं कॉलेज दुपारचं. सकाळी मी येईन."

माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं. अक्कानं माझ्या हातांकडं बघितलं, आणि तिनं अट घातली. उद्या पोरगी परीक्षेला जाईल तेव्हा तिच्या जागी मी बसायचं. दुपारी ती ते सगळं कारखान्यात घेऊन जाईल. तिथं एक तपासणारा असतो, तो खराब बिड्या छाटात काढतो. माझ्या बिड्या पास झाल्या तर जूनपासून पोरगी शाळेत. छाटात गेल्या तर तिनं घरात बसायचं आणि मी पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मी घरी आले तर अव्वा दारातच. "उद्या पाच वाजता अक्कलकोटकडचे लोक बघायला येतायत तुला." म्हणजे एका दिवसात तीन परीक्षा. एक तिची आणि दोन माझ्या.

सकाळी कॉलेजात जादा तास आहे असं सांगून मी सटकले. पुढारीण तयार होती. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, शेजारणीकडून आणलेला फ्रॉक, तो थोडा मोठा. निघताना तिनं मला समोर बसवलं आणि हात पाठीमागं बांधून म्हणाली, "हे बघा बाई, चुकलं तरी भ्यायचं न्हाय. पुढचं घ्यायचं. मागं बघत बसायचं न्हाय. आन् शेजारच्याचं बघायचं न्हाय." सगळं माझंच, शब्दाला शब्द. मग ती गेली, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर एकदा मागं बघितलंच.

मी सूप मांडीवर घेतलं. अक्का समोर बसून वळत होती. पान ओलं, कात्री, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. तिचं सगळं डोळ्यांपुढून निघून जायचं, मला दिसायचंसुद्धा नाही. मी आपली टोपीवर टोपी घालत होते. घाम नाकावरून ओघळला तर पुसायला हात नाही. आयुष्यात मी अभ्याससुद्धा एवढ्या जिवावर उदार होऊन केला नव्हता. मध्येच अक्का एखादी बिडी उचलून बघायची आणि परत ठेवायची. मी विचारायची, "बरी आहे?" ती म्हणायची, "हूं." त्या हूंमधून काय घ्यायचं ते मला कळेना.

दुपारी पुढारीण उड्या मारत आली. "भागाकार आला व्हता. बाकी शून्य!" मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण हात तंबाखूचे आणि फ्रॉक शेजारणीचा. अक्का कारखान्यात जायला निघाली आणि मला घरी पळावं लागलं. माझा निकाल काय लागला ते त्या दिवशी कळलंच नाही.

घरी लिंबू चोळलं, राख चोळली, शिकेकाई चोळली. अव्वानं तर चिंचसुद्धा लावली, तांब्याची घागर घासावी तशी. पाचला पाहुणे आले. मुलगा जमिनीकडं बघत होता, म्हणजे बरा असावा. अप्पांनी दुकानाची गोष्ट काढली. "आमच्या दुकानात तंबाखूचा कण ठेवत नाही. वडिलांपासूनचा नियम आहे." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी पोह्यांच्या बशा दिल्या. मुलाची आत्या चांगली प्रेमळ. तिनं मला जवळ बसवलं, बांगडीचं माप बघते म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. मग तो थोडा वर नेला. मग नाकाजवळ.

अव्वाला कुणाच्याही आधी काहीतरी बोलायलाच हवं होतं. ती म्हणाली, "दुकानात तंबाखूची पोती असतात ना, तिथं हात लागतो तिचा."

अप्पांनी अव्वाकडं बघितलं. पाहुण्यांनी अप्पांकडं बघितलं. मी पोह्यांकडं बघितलं. आणि मला हसू आलं. दाबायला गेले तर नाकातून फुर्र असा आवाज निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुण्यांचा निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण योग दिसत नाही.

त्याच दिवशी मी धावतच पूर्व भागात गेले. अक्का दारातच वळत बसली होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पास, बाई. समद्या पास." मी तिथंच ओट्यावर बसले. मला एवढा आनंद माझ्या मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता. पुढारीण दाराआड उभी होती, ती का कोण जाणे एकदम आत गेली. मी घरी जाऊन सांगितलं, मी पास झाले. अव्वा म्हणाली, "तिकडं पास झालीस म्हणूनच इकडं नापास झालीस." पण अप्पा हळूच म्हणाले, "तपासणाऱ्यानं एकसुद्धा परत पाठवली नाही?" मी म्हटलं, एकसुद्धा नाही. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. मला वाटतं त्यांना बरं वाटलं असावं.

पुढारीणही पास झाली. त्या उन्हाळ्यात मी स्वतःवर फार खूश होते. कुणी भेटलं की माझ्या हातच्या बिड्यांची गोष्ट सांगायची. एका पोरीला मी शाळेत घातलं, माझ्या या दहा बोटांनी. मैत्रिणींना तर ऐकून ऐकून वीट आला असणार. पुढं मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्याची सुरुवात या फुशारकीतच झाली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. काहीतरी जमलं असं वाटल्याशिवाय कुणी कशाला त्या वाटेला जाईल?

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी मी ठरल्याप्रमाणे अक्काच्या दारात हजर झाले. जुनी साडी नेसले होते. पदर खोचला आणि म्हटलं, "आणा सूप." अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी शिकायचं बगा. मी गिरनीच्या पयल्या भोंग्याला उठते आता, समदं व्हतंय." मी वाद घातला. माझ्या बिड्या पास झाल्यात, मी शब्द दिलाय, मी बसणारच. ती नुसती हसली आणि वळत राहिली. मला वाटलं, भिडेपायी नको म्हणत असेल.

दुपारी पुढारीण शाळेतून आली. नवा गणवेश, निळा-पांढरा, त्यावर पहिल्याच दिवशी शाईचा डाग. आई पाणी भरायला गेली होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईला समजावून सांग की. माझा हात वाया कशाला घालवायचा? एवढ्या छान टोप्या घातल्या होत्या मी."

तिनं दप्तर खाली ठेवलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमी नापास झाल्ता."

"काय?"

"समद्या छाटात गेल्या. येक बी घेतली न्हाय त्यानं. अम्मानं घरी आनून समद्या सोडल्या आन् परत वळल्या. मला म्हनली, बाईला सांगू नको. बाईनं लई जीव लावून क्येल्यात, तिला वाईट वाटंल."

अट तिची, छाट तिची, मोडलेल्या दिवसाचं कामही तिचंच. लेकीला घरात बसवायला तिला कारण हातात मिळालं होतं, अगदी तिनंच मागितलेलं. ते तिनं सोडून दिलं आणि वर मलाच पास केलं. आणि मी दोन महिने गावभर सांगत फिरत होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं. मी विचारलं, "मग तू का सांगितलंस?"

"तुमीच म्हनला की," ती म्हणाली, "उत्तर चुकलं तर चुकलं म्हनून सांगायचं." आणि तोंडानं च्च केलं.

तेवढ्यात अक्का घागर घेऊन आली. तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या. तिला कळलं असणार. घागर उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या जागेवर बसली. मीही तिच्यासमोर जाऊन बसले आणि सवयीनं हात पुढं केले.

तिनं सूप उचललं, क्षणभर माझ्या हातांकडं बघितलं आणि ते परत आपल्याच मांडीवर ठेवलं. मग दोऱ्याची लड काढून माझ्या दोन्ही मनगटांत अडकवली.

"धरा, बाई," ती म्हणाली, "नुसता धरा हां. वढू नका."